रविवारी उमेदवार चर्चच्या दारात आला तर

निवडणूक लागली की चर्चच्या पंचांना, म्हणजे कारभारी कमिटीच्या सदस्यांना, फोन येतो : "साहेब पाच मिनिटं येतील, पाळकांनी (पास्टरांनी) फक्त डोक्यावर हात ठेवायचा." त्या पाच मिनिटांची तयारी आठवडा आधी करा.

बऱ्याच मंडळ्या (चर्चचे सभासद-समूह) फक्त आचारसंहितेला घाबरतात. पण धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा, १९८८ बाराही महिने लागू आहे. संस्थेची जागा, पैसा किंवा उपासना राजकीय कामाला वापरू दिली, तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आधी सापडतात कारभार पाहणारे, म्हणजे पाळक नि पंच.

कमिटीच्या इतिवृत्तात ठराव लिहा : कुठल्याही पक्षाचा माणूस उपासनेला येऊ शकतो, माइक मिळणार नाही, सत्कार नाही, आवारात प्रचाराचा फोटो नाही. एकाच इमारतीत मराठी नि तेलुगू उपासना होत असतील तर ठराव दोन्हीकडे वाचा. नाहीतर सकाळी नाकारलेला माणूस दुपारी हार घालून घेतो. फाटकावर दोन पंच उभे ठेवा. उपरणं, बिल्ला, झेंड्याची गाडी बाहेर. पाहुण्याला चौथ्या-पाचव्या रांगेत बसवा आणि सूचनांच्या वेळी त्याचं नाव घेऊ नका.

खरी घसरण प्रार्थनेत होते. १ तीमथ्य २:१-२ प्रमाणे अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायचीच आहे, मग ती दर रविवारी करा, सगळ्या उमेदवारांसाठी, नावं न घेता. एकट्याला पुढे गुडघ्यावर बसवलं की तो पाठिंबाच झाला. स्वतंत्र फेलोशिपमध्ये (कुठल्याही मोठ्या चर्च-संस्थेशी न जोडलेल्या मंडळीत) याहून वाईट घडतं : "प्रभूने मला दाखवलंय, हेच येणार." मग दुसऱ्या पक्षाला मत देणारा सभासद देवाच्या विरोधात ठरतो, आणि निकाल उलटा लागला की पाळकाचा शब्दही पडतो.

स्पीकर, खुर्च्या, शेड नाकारा. मतासाठी दिलेली भेट लाचच असते. खासदार निधीतून तर प्रार्थनास्थळाच्या जागेवर काम करताच येत नाही, त्यामुळे ते आश्वासन पोकळच.

सोलापुरात आणखी एक गुंता आहे. इथली लोकसभेची जागा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, आणि राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख व बौद्धांनाच मिळतो. त्यामुळे डोक्यावर हात ठेवलेला फोटो उमेदवाराला मतं देईलच असं नाही. प्रतिस्पर्धी तोच "हा तर ख्रिस्ती" म्हणून तक्रारीला जोडू शकतो. त्यासाठी त्याचे कार्यकर्ते बाप्तिस्म्याची नोंदवही "फक्त बघायला" मागतील. ओळखीचा असला तरी दाखवू नका, मोबाइलवर पान टिपू देऊ नका. न्यायालयाचा किंवा अधिकृत समितीचा लेखी आदेश असेल तरच, तोही वकिलाला दाखवून. वही कपाटात, किल्ली सचिवाकडे.