वीज देण्याआधी: मॉड्युलर सिंथेसायझरचं किट जोडताना

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटी मॉड्यूलं वायरींनी जोडून आवाज काढणारं वाद्य. मी जोडलेलं पहिलं मॉड्यूल चार-पाच सेकंद जगलं. सोल्डरचे डाग सगळे चकचकीत होते, पण रिबन केबल उलटी खुपसली होती. युरोरॅक या मॉड्यूलांच्या प्रचलित मापाच्या दहा पिनांच्या वीजजोडात मधल्या सहा पिना ग्राउंडच्या, एका टोकाला अधिक १२ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला उणे १२. केबल फिरली की टोकांची अदलाबदल होते आणि ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी आयसी, म्हणजे चिप) गतप्राण. केबलची लाल कड पाहून मला वाटलं, अधिक. ती उणेची असते!

म्हणून घाई नको. आधी प्रत्येक रेझिस्टर मीटरने मोजा. पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरात १ के (हजार ओहम) आणि १० के यांत फरक फक्त चौथ्या पट्टीचा, तपकिरी की लाल, आणि निळ्या अंगावर दोन्ही सारख्याच दिसतात. मग बुटके भाग आधी, उंच नंतर: रेझिस्टर, डायोड, आयसीची सॉकेटं, शेवटी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. बोर्ड पालथा घातला की भाग टेबलावर टेकून राहतो, एवढंच त्यामागचं कारण.

जॅक (वायर खुपसायची भोकं) आणि पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) मात्र लगेच सोल्डर करू नका. बोर्डात नुसते बसवा, पॅनल चढवा, नट आवळा, मगच डाग द्या. मी एकदा उलट केलं. ते पॅनल आजही तिरकं आहे.

आता आयसी न घालता तपासा. अधिक, उणे आणि ग्राउंड यांपैकी कुठल्याही दोहोंत, जोड तपासायच्या सेटिंगवरचा मीटर पीं करत राहिला तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे. नसेल तर वीज द्या. टीएल०७२ या ऑप-अँप आयसीच्या सॉकेटात ८ नंबरच्या पायावर अधिक १२ आणि ४ वर उणे १२ च्या आसपास दिसायला हवं. वाटेत संरक्षक डायोड असेल तर किंचित कमी. वीज बंद करा, खाच जुळवून आयसी बसवा.

ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारं मॉड्यूल) असेल तर अर्धा तास तापू द्या, मग एका व्होल्टला एक सप्तक असा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) लावा. वरचा स्वर जुळवला की खालचा हलतो. पुन्हा खालचा, पुन्हा वरचा. इथे चिडचिड होते, माझी अजून होते.

स्वतःचं मॉड्यूल आखायचं झालं तर सर्किट आधी ब्रेडबोर्डवर (सोल्डरशिवाय भाग खुपसायच्या पाटीवर) चालू द्या आणि पॅनल पुठ्ठ्याचं कापा: उंची १२८.५ मिमी, रुंदी ५.०८ मिमीच्या पटीत. सुरुवातीला ४०१०६ ही सहा इन्व्हर्टरांची (सिग्नल उलटवणाऱ्या भागांची) आयसी घ्या. एक इन्व्हर्टर, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, की चौकोनी लहर तयार. सुरात वाजणार नाही, पण ओरडेल झकास. पुठ्ठ्यावर खरे नॉब टोचून बोटांनी फिरवून पाहा. जॅक खाली ठेवा, नाहीतर लोंबणाऱ्या वायरींतून नॉब शोधावा लागतो. ऑप-अँपच्या आउटपुटला १ के रेझिस्टर घालायला विसरू नका. दोन आउटपुट चुकून एकमेकांना जोडले जातातच.