अ‍ॅव्होकॅडो कसा पिकवायचा? आंब्याची आढी आठवा, जमेल

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी दोन अ‍ॅव्होकॅडो कचऱ्यात टाकले, म्हणाल्या दगड आहेत नुसते, चवही कडवट. फळं खरंतर चांगली होती पण आणल्यापासून फ्रिजमधे ठेवलेली, पिकणार कशी? इतकं महाग फळ असं वाया जाताना बघवत नाही म्हणून सगळं नीट लिहितेय.

पहिलं लक्षात ठेवा, हे फळ झाडावर मऊ पडतच नाही. आंब्याला पाड तरी लागतो, ह्याला तोही नाही. झाडावर ते फक्त जून होतं, म्हणजे गरात हळूहळू तेल भरत जातं, आणि पिकायला सुरुवात होते ती तोडल्यावर. हास जातीची जून फळं तर काही महिने फांदीवर तशीच राहतात, म्हणून बागवाले लागतील तशी उतरवतात. पण कोवळं तोडलेलं असेल तर घरी काहीही करा, साल सुरकुतते, गर रबरासारखा आणि पाणचट लागतो, त्यात तुमची काही चूक नाही.

घरी झाड असेल तर जून झालंय का हे असं बघा: हिरव्या जातीची चकाकी जाऊन जरा पिवळट छटा येते, जांभळी जात तपकिरी-लाल (मरून) रंगावर येते. तरी शंका असेल तर एक फळ कापा. बीवरचं टरफल पांढरट पिवळं असेल तर थांबा, कागदासारखं पातळ आणि तपकिरी झालं असेल तर उतरवा.

आता पिकवणं. टोपलीत बाहेर ठेवा, तोडल्यापासून साधारण 6 ते 10 दिवस लागतात, बाजारातून आणलेल्याचे त्यातले काही दिवस आधीच गेलेले असतात. घाई असेल तर कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्यासोबत गुंडाळून ठेवा किंवा चिकू ठेवतो तसं सरळ तांदळाच्या डब्यात, केळ्यातून आणि फळातूनही इथिलीन वायू निघतो तो तिथेच कोंडतो आणि फळ लवकर पिकतं. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम सुटून बुरशी येते. रोज बघायचं, पण अंगठ्याने दाबायचं नाही, तिथे आत काळा डाग पडतो!! तळहातात धरून हलकं दाबायचं, देठाजवळ जरा दबलं की झालं. हास पिकला की काळपट होतो, पण कूर्ग, वायनाडकडून येणाऱ्या बऱ्याच जाती पिकल्या तरी हिरव्याच राहतात, त्या काळ्या व्हायची वाट बघाल तर आत सडून जातील.

पिकल्यावर मात्र फ्रिजमधे, दोन-तीन दिवस छान राहतो. कच्चा ठेवला तर गर करडा पडतो, नंतर बाहेर काढूनही नीट पिकत नाही. मायक्रोवेव्हमधे मऊ होतो पण ती लोण्यासारखी चव येत नाही. अर्धा उरला तर लिंबू चोळून झाकून ठेवा. पाण्यात बुडवून ठेवायची जी आयडिया फिरते ती करू नका, सालीवरचे जंतू पाण्यातून गरात जाऊ शकतात.

बी लावायची असेल तर लगेच लावा, सुकली की रुजत नाही. रुंद बाजू खाली. फक्त बीच्या झाडाला फळ यायला 5-6 वर्षं किंवा जास्तही लागतात आणि फळ आईसारखंच येईल असं नाही, म्हणून फळासाठी कलमच घ्या. ह्याचं फूल दोनदा उमलतं, आधी मादी म्हणून आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. हाससारख्या अ गटाच्या जातीत मादी फुलं सकाळी उघडतात, फुएर्तेसारख्या ब गटात दुपारी, त्यामुळे दोन्ही गटांचं एकेक झाड जवळ असेल तर फळ जास्त धरतं. मुळं वरवर असतात, पाणी साचलं की कुजतात, काळ्या भारी जमिनीत तर उंचवटा केल्याशिवाय लावूच नका, आणि बुंध्याभोवती पालापाचोळा घाला पण खोडाला चिकटू देऊ नका.