गावचा बोगदा आणि गावचा कांदा लोकसभेत न्यायचाय? मग आधी हे वाचा

दरवर्षी तेच बघतोय. खासदार साहेब तालुक्याला येतात, आपण शाल-श्रीफळ देतो, हातात निवेदन ठेवतो, फोटो काढतो, संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो आणि निवेदन गाडीतल्या गठ्ठ्यात जातं. दरवेळी खासदाराला काम करायचं नसतं असं नाही, पण त्या कागदावरून लोकसभेत नेमकं काय विचारायचं हेच कळत नाही. आमच्या पहिल्या निवेदनात आम्ही अकरा मागण्या घातल्या होत्या, एसटीच्या फेरीपासून कांद्याच्या भावापर्यंत सगळं, आणि त्यातल्या एकीचंही काही झालं नाही. तेव्हापासून एकच नियम पाळतो, एका कागदावर एकच प्रश्न, आणि तो प्रश्नासारखाच लिहिलेला.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे हा प्रश्न दिल्लीचा आहे का मुंबईचा हे ठरवा. एसटीची फेरी बंद झाली, तालुक्याचा रस्ता उखडला, शेतीपंपाला दिवसा लाईट नाही, हे सगळं राज्याचं, त्यासाठी आमदाराला धरा, तिकडं विधानसभेत तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे. लोकसभेत असा राज्याच्या अखत्यारीतला प्रश्न दिला तर तो आधीच नाकारला जातो. दिल्लीचं म्हणजे रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, पंतप्रधान ग्रामसडक योजना, पीकविमा, हमीभाव, उसाची एफआरपी (कारखान्यानं द्यायचा किमान दर), आयात-निर्यात, खत.

आता इथंच बहुतेक लोक फसतात, कारण शेतीचा प्रश्न म्हटलं की सगळे कृषिमंत्र्यांचं नाव घालतात. कांदाच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली, ४ मे २०२४ ला उघडली पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान भाव लावून, मग सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं नि किमान भावाची अट गेली, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य झालं. या सगळ्यात निर्यातबंदी आणि किमान निर्यात भाव वाणिज्य मंत्रालयाचा, शुल्क अर्थ मंत्रालयाचं, आणि नाफेड-एनसीसीएफ या सहकारी संस्था जो कांदा सरकारच्या बफर (राखीव) साठ्यासाठी घेतात तो ग्राहक व्यवहार मंत्रालयाचा. म्हणजे शेतकऱ्याला फटका एकच बसला पण विचारायचं तीन ठिकाणी. उसाचंही तसंच, एफआरपी कृषीकडे नाही, ग्राहक व्यवहारच्याच मंत्रालयातल्या अन्न विभागाकडे आहे. महामार्ग एका मंत्रालयाचा तर ग्रामसडक ग्रामविकासची. प्रत्येक मंत्रालयाचा उत्तर द्यायचा वार ठरलेला असतो, त्यामुळं मंत्रालय चुकलं की प्रश्न इकडून तिकडं फिरतो आणि अधिवेशन निघून जातं.

मग खासदाराकडे कोणकोणते रस्ते असतात ते समजून घ्या.

पहिला प्रश्नोत्तराचा तास, सकाळी ११ ते १२. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकितला मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि खासदाराला वर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला लेखी उत्तर येतं. एका खासदाराला एका दिवसासाठी पाचच नोटिसा देता येतात, कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीनं ठरतं, आणि नोटीस कमीत कमी १५ दिवस आधी लागते. म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन गेलात तर पहिले दोन आठवडे असेच हातातून गेले. अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीच्या शेवटी, पावसाळी जुलैच्या आसपास, हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबरला, तर आपला कागद त्याच्या महिनाभर आधी पीएच्या हातात पाहिजे. साहेबांच्या नव्हे, पीएच्याच, आणि तोही दिल्लीच्या ऑफिसातला जो पोर्टलवर नोटिसा भरतो तो. त्याचा नंबर मिळवा, त्याला मराठी टाईप केलेली फाईल पाठवा, हस्तलिखिताचा फोटो पाठवू नका.

दुसरा शून्य प्रहर, १२ वाजता सुरू होतो. टीव्हीवर, रील्सवर जे आपल्याला दिसतं ते बहुतेक हेच असतं, दोनेक मिनिटांत भडाभडा बोलून घ्यायचं. ताजी घटना असेल, गारपीट झाली, पूल वाहून गेला, मालगाडीची रॅक मिळत नाही म्हणून खत अडकलं, तर हाच मार्ग बरोबर. पण मंत्र्यांवर तिथल्या तिथं उत्तर द्यायचं बंधन नसतं, हे लक्षात ठेवा.

तिसरा नियम ३७७. हा मार्ग गावाकडच्या प्रश्नांना फार उपयोगी आहे आणि त्याचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. २५० शब्दांच्या आत मजकूर लिहून द्यायचा, खासदाराला आठवड्यातून एक मांडता येतो, आणि संबंधित मंत्रालयाकडून नंतर लेखी उत्तर येतं. भाषण टीव्हीवर दिसलं नाही तरी चालेल, कागद हातात आला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. शून्य प्रहराचा व्हिडिओ बघून गाव खूष होतं, पण रेल्वेच्या विभागीय (डीआरएम) ऑफिसात जाऊन टेबलावर ठेवता येतं ते लेखी उत्तरच.

आता प्रश्न लिहायचा कसा, हे जरा नीट सांगतो कारण सगळी मेख इथंच आहे.

रेल्वेची फाटकं बंद करून त्या जागी रुळाखालून बोगदे झाले हे आपल्याकडे सगळीकडे दिसतं, ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं तर जानेवारी २०१९ पर्यंत सगळी काढून टाकली. अपघात थांबले ही मोठीच गोष्ट झाली, पण पावसाळ्यात बऱ्याच बोगद्यांत कंबरभर पाणी साचतं आणि मग कांद्याचा ट्रॅक्टर, दुधाची गाडी, शाळेची पोरं सगळ्यांना लांबून वळसा. अशा बोगद्याबद्दल आपण लिहितो, "आमच्या गावावर अन्याय होत आहे, प्रशासन झोपलंय, तरी त्वरित लक्ष द्यावे". हे असं प्रश्नात चालतच नाही, कारण नियमानुसार प्रश्नात आरोप, टोमणा, मत, युक्तिवाद काही येता कामा नये, शब्दही १५० च्या वर नकोत. त्याऐवजी असं लिहा:

रेल्वे मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय:
(अ) अमुक विभागातील अमुक ते अमुक स्टेशनदरम्यान, किलोमीटर क्रमांक अमुक येथील भुयारी मार्गात मागील तीन पावसाळ्यांत पाणी साचून किती दिवस वाहतूक बंद होती;
(ब) तेथे पाणी उपसण्याचे पंप बसवले आहेत काय, असल्यास देखभाल कोणाकडे आहे;
(क) कायमस्वरूपी निचऱ्यासाठी किती निधी मंजूर झाला, त्यापैकी किती खर्च झाला;
(ड) काम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होईल?

बघा, यात कुठं रडगाणं नाही, पण प्रत्येक ओळीला आकडा किंवा तारीख द्यावीच लागते. किलोमीटर क्रमांक रुळाशेजारच्या दगडावर, खांबावर लिहिलेला असतो, तो स्वतः जाऊन बघून या, अंदाजे टाकू नका. सोबत वेगळ्या कागदावर पुरावा जोडा, पाणी साचलेल्या दिवसांची तारीखवार नोंद, तारीख दिसेल असे फोटो, ग्रामसभेचा ठराव, आणि रोज किती ट्रॅक्टर, किती दुधाच्या गाड्या, किती पोरं तिथून जातात याची दोन दिवस बसून केलेली मोजणी. ही मोजणी आमच्या इथं कॉलेजच्या पोरांनी केली होती, वहीवर रेघा मारून, आणि खरं सांगतो त्या एका पानानं सगळ्या निवेदनांपेक्षा जास्त काम केलं, कारण उपप्रश्न विचारायची वेळ आली तर खासदाराच्या हातात काहीतरी ठोस पाहिजे.

पीकविम्यालाही हीच पद्धत लावा. "शेतकऱ्यांना विमा मिळत नाही" असं नको, आपल्या जिल्ह्यात अमुक खरिपात नुकसानीच्या किती सूचना आल्या, त्यातल्या नुकसान ७२ तासांत कळवायच्या अटीवर किती नाकारल्या, किती दावे मंजूर, किती रक्कम थकली, कंपनीला दंड किंवा व्याज लावलं का, असं विचारा. जिल्ह्याचं नाव आणि हंगामाचं नाव घातलं की उत्तराला देशभराच्या आकडेवारीमागं लपता येत नाही.

शेती आणि वाहतूक एकाच प्रश्नात बसते त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे शेतमाल नेणारी किसान रेल. ७ ऑगस्ट २०२० ला पहिली गाडी आपल्या देवळालीहून बिहारच्या दानापूरला गेली, नंतर सांगोल्याचं डाळिंबही रेल्वेनं जायला लागलं. फळं-भाज्यांच्या भाड्यात जी ५० टक्के सवलत होती तिचा पैसा अन्न प्रक्रिया मंत्रालयाच्या ऑपरेशन ग्रीन्स योजनेतून यायचा. ती सवलत परत मागायची असेल तर नुसतं रेल्वेमंत्र्यांना विचारून उपयोग नाही, अन्न प्रक्रियालाही वेगळा प्रश्न टाकायला लागतो.

आपले खासदार स्वतःच मंत्री झाले असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारू शकत नाहीत. अशावेळी शेजारच्या मतदारसंघाचा खासदार किंवा राज्यसभेतला कुणी धरा, महाराष्ट्राचे तिथं १९ आहेत आणि तिथंही रोज १५ तारांकित, १६० अतारांकित प्रश्न लागतात. पक्ष बघत बसू नका, विरोधी पक्षाचा खासदार उलट आनंदानं घेतो. आणि साहेबांना हिंदी-इंग्रजी जमत नाही म्हणून ते उठत नाहीत असं असेल तर त्यांना सांगा मराठीत बोला, भाषांतराची सोय आहे, आधी कळवून ठेवायचं बास. आपल्या बोलीतल्या माणसाच्या तोंडून "बोगदा" ऐकायला मला तरी जास्त भारी वाटतं.

उत्तर आल्यावर पुढचं काम. संसदेच्या वेबसाईटवर प्रश्न-उत्तरं सगळी असतात, खासदाराच्या नावानं शोधा नि प्रिंट काढा. उत्तरात "तपासून पाहू", "माहिती गोळा केली जात आहे", "विचाराधीन आहे" अशी वाक्यं आली तर ती बऱ्याचदा आश्वासन म्हणून नोंदली जातात, आणि आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, त्यावर लक्ष ठेवायला लोकसभेची वेगळी समिती आहे. ती तारीख कॅलेंडरवर मांडा. तीन महिने झाले की खासदाराला समितीला पत्र द्यायला लावा. त्याच उत्तराचा क्रमांक आणि दिनांक टाकून रेल्वेच्या विभागीय ऑफिसला पत्र, कलेक्टरना प्रत, आणि केंद्राच्या योजनांवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्ह्याच्या दिशा समितीच्या बैठकीत विषय, तिथं अध्यक्ष खासदारच असतात. उत्तरात लिहिलेलं आणि जागेवर दिसणारं जुळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

एका अधिवेशनात होईल अशी आशा मात्र धरू नका. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ ला मंजूर झाला आणि बीडपर्यंत गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या काळात खासदार बदलले, सरकारं बदलली, निम्मा खर्च राज्याचा असल्यामुळं दिल्लीसोबत मुंबईतही मागत राहावं लागलं. म्हणून दर बजेटनंतर रेल्वेचं पिंक बुक (कामनिहाय तरतुदींचं पुस्तक) बघा, आपल्या मार्गाला किती तरतूद झाली ते पान काढा, आणि मागच्या वर्षीची तरतूद किती, खर्च किती, एवढाच छोटा प्रश्न दरवर्षी टाकत राहा. उत्तरांची एक फाईल ग्रामपंचायतीत ठेवा, सरपंच बदलला तरी ती तिथंच राहिली पाहिजे, नाहीतर नवीन माणूस पुन्हा अकरा मागण्यांपासून सुरुवात करतो.