पिकअपचं पुढचं सस्पेन्शन घरी बदलताना: वजन कुठे आहे ते आधी बघा

खड्ड्यातून जाताना पुढून खडखड आली की बरेच जण शॉकअब्सॉर्बर बदलून मोकळे होतात, आणि आवाज तसाच राहतो. शॉक गेला असेल तर गाडी जास्त डुलते, टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज दिसते. ठक्-ठक् असा कोरडा आवाज बहुतेक वेळा लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारी छोटी दांडी), बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा गोळ्याचा सांधा) किंवा आर्मच्या (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशांचा असतो.

इथली माहिती पुढे वर-खाली दोन आर्म असलेल्या आणि खालच्या आर्मवर कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) बसलेल्या पिकअपसाठी आहे. पुढे पाटे असलेल्या जड ट्रकचं किंगपिनचं (चाक ज्याभोवती वळतं त्या खुंट्याचं) काम वेगळं.

काय गेलंय ते शोधणं

जॅक चॅसीखाली लावून चाक हलवलं तर खराब लोअर बॉल जॉइंटही घट्ट वाटू शकतो, कारण स्प्रिंग आर्मला खाली दाबून जॉइंट ताणून धरते. म्हणून जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितकं जवळ लावता येईल तितकं लावा आणि टायर जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकंच उचला. आता चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा. राहिला तर बॉल जॉइंटचा. मग टायरखाली पहार घालून वर उचकटा आणि जॉइंटवर बोट ठेवा, उभा खेळ बोटाला लगेच कळतो. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकाचा सांधा) तपासा.

काही बॉल जॉइंटना ग्रीस निपलभोवती (ग्रीस भरायच्या तोंडाभोवती) एक छोटी कड बाहेर आलेली असते. झीज वाढते तशी ती आत जाते. ही कड मात्र चाकं जमिनीवर असतानाच बघायची.

सामान

बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि शॉक दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. नवे नट आणि स्प्लिट पिन सोबत आणा, नायलॉनवाला नट पुन्हा वापरू नका. जुन्या आर्मचा बुश प्रेसने काढून नवा बसवण्यापेक्षा बुश आणि बॉल जॉइंटसकट पूर्ण आर्म मिळत असेल तर तोच घ्या. पैसे थोडे जास्त जातात, पण घरी प्रेस नसताना गंजलेल्या बुशाशी झगडण्यात जाणारा दिवस वाचतो. हत्यारांत टॉर्क रेंच, लांब दांड्याचा पाना, दोन किलोच्या आसपासचा घण, दोन मजबूत जॅक स्टँड आणि ट्रॉली जॅक हवाच. आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

खोलण्याआधी दोन मापं

गाडी सपाट जागी उभी करून हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहा. हा आकडा पुढे लागणार आहे. आर्मच्या बोल्टवर कॅम वॉशर (फिरवून आर्मची जागा सरकवायच्या चकत्या) असतील तर त्यांची जागा रंगाने खूण करून ठेवा. टॉर्शन बार असेल तर अ‍ॅडजस्टर बोल्ट (बारचा ताण ठरवणारा) किती बाहेर आहे तेही मोजा.

खोलणं

मागच्या चाकांना ठोकळे लावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग उचलून चॅसी स्टँडवर टेकवा. कॅलिपर (डिस्क ब्रेकचा पॅड धरणारा भाग) काढून तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. एबीएसची वायर सोडवा.

आता सगळ्यात धोक्याची पायरी. खालच्या आर्मला जॅकचा आधार दिल्याशिवाय बॉल जॉइंटचा नट काढायचा नाही. दाबलेली स्प्रिंग मोकळी झाली तर आर्म झटक्याने खाली येतो, मध्ये हात असेल तर हाड मोडतं. हायड्रॉलिक जॅक हळूहळू उतरू शकतो, म्हणून स्प्रिंगमधून साखळी ओवून चॅसीला बांधून घ्या. खालचा आर्म पूर्ण काढायचा असेल तर जॅक पुरत नाही: कॉइलला स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि टॉर्शन बारला ताण सोडवायचं त्याचं खास हत्यार लागतं. ते नसेल तर तेवढं काम गॅरेजला द्या.

जॉइंटचा निमुळता दांडा नकलमध्ये (हब ज्यावर बसतो त्या भागात) पक्का धरून बसलेला असतो. नट दोन-तीन आटे सैल करून तसाच ठेवा आणि घणाचा फटका दांड्यावर न मारता नकलच्या कानावर, बाजूने मारा. तीन-चार जोरदार फटक्यांत दांडा ‘टक्’ करून सुटतो. दुहेरी पात्याचा काटा ठोकून काढलं तर रबरी बूट फाटतो, तेव्हा टाकायच्याच जॉइंटला तो चालेल.

कंपनीचा जॉइंट रिव्हेटने बसवलेला असेल तर ग्राइंडरने डोकी उडवा. नवा जॉइंट त्याच्यासोबतच्या बोल्टांवर बसतो. दाबून बसवायचा जॉइंट प्रेसनेच घाला. ठोकून बसवलेला जॉइंट तिरका जातो आणि आर्मचं भोक खराब होतं.

बसवणं आणि आवळणं

निमुळता दांडा आणि त्याचं भोक दोन्ही पुसून कोरडी करा, तिथे ग्रीस लावायचं नाही. आवळताना दांडाच फिरायला लागला तर जॅकने थोडं वर दाबा, म्हणजे तो घट्ट बसतो. खाचांचा नट आधी मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी पुढे न्या, मागे कधीच नाही. आकडा गाडीगणिक वेगळा असतो, अंदाजाने आवळू नका.

आर्मचे बोल्ट या टप्प्यावर फक्त हाताने, टेकतील इतपतच लावा. बोल्ट आवळला की बुशाची आतली नळी चॅसीवरच्या ब्रॅकेटमध्ये जखडते आणि आर्म हलतो तेव्हा मधलं रबर पिळतं. आर्म लोंबकळत असताना आवळलात तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमच पिळलेलं राहतं आणि नवा बुश थोड्याच काळात फाटतो. ‘माल बोगस होता’ म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं इथे असावं. म्हणून आर्मखालचा जॅक वर घेत सुरुवातीला लिहिलेलं हब-मडगार्ड अंतर गाठा आणि तेव्हाच टॉर्क द्या. तेवढ्यात चॅसी स्टँडवरून उचलायला लागली तर थांबा, चाकं लावून गाडी खाली उतरवा आणि बोल्ट तिथे आवळा. पॉलियुरेथेन बुश नळीभोवती मोकळे फिरतात, त्यांना ही अट नाही, पण सोबत आलेलं ग्रीस लावायलाच हवं.

शॉक बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा दाबून सोडा, आतली हवा निघते. वरचा नट आवळताना चकचकीत दांडीला पक्कड लावू नका, ओरखडा पडला की सील गळायला लागतं. वरचं रबर वॉशरच्या कडेइतकं फुगलं की बस्स.

निपल असेल तर हाताच्या गनने बूट जरासा फुगेपर्यंतच ग्रीस भरा. कॅलिपरचे बोल्टही टॉर्कला आवळा आणि गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल दोन-तीनदा दाबा.

चाचणी

आधी २०-३० किमी वेगाने फिरवून आवाज ऐका, ब्रेक मारून बघा, मग थेट व्हील अलाइनमेंटला न्या. नव्या जॉइंटने कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) दोन्ही सरकतात, खुणा जुळवून बसवलं असलं तरी. ५० ते १०० किमीनंतर चाकाचे नट आणि आर्मचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, गाडी जमिनीवर उभी असतानाच.