भूप शिकवताना

विद्यार्थ्याचा षड्ज (सा) तानपुऱ्याशी एकजीव झाल्याखेरीज भूप राग सुरू करू नये. मग मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य असलेला हा पाच स्वरांचा राग वहीत लिहून न देता गाऊन द्यावा, आणि स्वरवाक्ये वारंवार गांधारावर (ग) विसावू देऊन या वादी, म्हणजे रागातल्या मुख्य स्वराचे वजन त्याच्या कानाला आधी कळू द्यावे. त्याच स्वरांत धैवत (ध) प्रबळ करून सकाळचा देशकार रागही लगेच गाऊन दाखवावा, कारण चलन, म्हणजे स्वरांतून फिरण्याची रीत, बदलले की राग कसा बदलतो हे समजावण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून सामूहिक शिक्षणाची वाट रुंद केली. तरीही वर्गात प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे ऐकावाच. तानांची, म्हणजे वेगवान स्वरमालिकांची, घाई मात्र मुळीच करू नये.