शिडांची शर्यत काठावरून कशी बघावी

शिडाच्या होड्यांची शर्यत पहिल्यांदा बघणारा माणूस दहा मिनिटांत कंटाळतो. एक होडी डावीकडे पळते, दुसरी उजवीकडे, आणि पुढे कोण तेच कळत नाही. आपल्याकडे कृष्णेत वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत लागते तेव्हा सगळ्या एकाच दिशेला जातात, काठावरच्या आरोळीवरूनच निकाल कळतो. शिडाचं तसं नसतं. तिथे आधी वारा बघायचा, मग होडी. सैन्यात ई.एम.ई.त, म्हणजे यंत्रं सांभाळणाऱ्या दलात असताना सिकंदराबादला हुसेनसागरावर मी हे शिकलो. निवृत्तीनंतर कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर गल्लीतल्या पोरांना तेच सांगत असतो. शिकायला शर्यत लागत नाही, रंकाळ्यावरचा वारा पुरतो.

पहिलं काम, वारा कुठून येतोय ते ठरवा. डोळे मिटून चेहरा हळूहळू फिरवा. दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा झाला की तुमचं नाक बरोबर वाऱ्याच्या तोंडावर आहे. आता दोन्ही हात समोर फाकवा, मध्ये साधारण काटकोन होईल इतके. या दोन हातांच्या मधल्या भागात शिडाची होडी सरळ जाऊ शकत नाही. शीड फडफडतं आणि ती जागच्या जागी उभी राहते. म्हणून वाऱ्याच्या बाजूचा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, गाठायचा तर थोडं डाव्या हाताच्या रेषेने, थोडं उजव्या हाताच्या, असं पन्हाळ्याच्या घाटासारखं वळणं घेत जावं लागतं. त्या प्रत्येक वळणाला टॅक म्हणतात. उलटसुलट पळणाऱ्या होड्यांचं कोडं इथेच सुटतं, त्या सगळ्या एकाच बोयाकडे निघालेल्या असतात.

मग पाण्याचा रंग बघा. उन्हाळ्यात दुपार कलल्यावर पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा या. झोत उतरतो तिथे बारीक लहरी उठून पाणी काळपट दिसतं. गुळगुळीत, चकाकणारं पाणी म्हणजे तिथे वारा पडलेला आहे. शालिनी पॅलेसच्या बाजूची झाडं बघा, पश्चिमेचा वारा त्यांच्यावरून येतो, त्यामुळे त्या काठालगत पाणी शांत राहतं. झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी हा आडोसा जाणवतो. एखादा काळा पट्टा निवडा आणि तो पाण्यावरून सरकत तुमच्यापर्यंत येईपर्यंत नजर हलवू नका. तो गालाला लागला की दिशा पुन्हा तपासा. बहुतेक वेळा ती थोडी बदललेली असते.

ही थोडी बदललेली दिशाच तळ्यातली शर्यत ठरवते, म्हणून इथे मी पोरांना घाई करू देत नाही. समजा वारा दहा अंश उजवीकडे वळला. उजवीकडे गेलेल्या होड्या एकदम पुढे येतात, डावीकडच्या तेवढ्याच वेगाने पळूनही मागे पडतात. हुशार खेळाडू काय करतो? वारा बदलून होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बोयापासून दूर ढकलली जायला लागली की लगेच टॅक घेतो. खुल्या समुद्रावरचा वारा त्यामानाने एकसारखा. तळ्याभोवती इमारती, टेकड्या, झाडं असतात, वारा सारखा तुटतो. नैनितालचं तळं तर डोंगरांच्या वाटीत, १९०० मीटरहून जास्त उंचीवर आहे. तिथला यॉट क्लब १९१० सालचा, आणि लिंटन होप या इंग्रज रचनाकाराच्या आराखड्याच्या जुन्या लाकडी होड्या ही त्याची ओळख. अशा पाण्यावर ताकदीपेक्षा नजर जास्त कामाला येते.

आता सुरुवात. इथे धावपट्टीसारखी आखलेली रेघ नसते. पंचांची बोट आणि एक बोया यांच्यामधली काल्पनिक रेषा म्हणजे स्टार्ट लाइन. पाच मिनिटं आधी वर्गाचा, म्हणजे त्या प्रकारच्या होड्यांचा, झेंडा चढतो. चार मिनिटं उरली की निळा, मध्ये पांढरा चौकोन असलेला झेंडा चढतो, तो एक मिनिट उरल्यावर उतरतो. शून्याला वर्गाचा झेंडाही उतरतो, आणि शर्यत सुटते. भोंगाही वाजतो, पण वेळ धरायची ती झेंड्यावरून. शेवटच्या मिनिटाला बघण्यासारखं खूप असतं, वीस-तीस होड्या रेषेमागे शीड सैल सोडून जागा राखत असतात. कुणी आधीच रेषा ओलांडली तर निळ्या फुलीचा पांढरा झेंडा वर जातो. त्याने परत येऊन नव्याने सुटायचं.

वाट कुणी कुणाला द्यायची, याचा मुख्य नियम काठावरूनही ओळखता येतो. शिडाखालची आडवी काठी, म्हणजे बूम, होडीच्या डावीकडे असेल तर वारा उजवीकडून येतोय, आणि त्या होडीचा हक्क मोठा. बूम उजवीकडे असलेल्याने बाजूला व्हायचं. दोघांचं बूम एकाच बाजूला असेल तर वाऱ्याकडच्या होडीने वाऱ्यापासून लांबच्या होडीला जागा द्यायची. आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये १७२० साली क्लब निघाला, मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली. या क्लबांमधून वाढलेल्या खेळाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ताफ्याच्या, म्हणजे सगळ्या होड्या एकत्र सुटतात त्या, शर्यतीत बहुधा शिट्टी मारणारा पंच जवळ नसतो. चूक झाली तर खेळाडू स्वतःच बाजूला जाऊन होडी दोनदा पूर्ण गोल फिरवतो. बोयाला धक्का लागला तर एकदा. अशी गिरकी घेणारी होडी दिसली की तिच्यासाठी टाळ्या वाजवा.

प्रत्यक्ष बघायचं तर जुलैच्या सुरुवातीला हुसेनसागरावर हैदराबाद सेलिंग वीक भरतो, पावसाळी वारा तेव्हा जोरात असतो. तळं कुतुबशाहीतलं, १५६३च्या सुमाराचं. मधल्या बुद्धमूर्तीच्या संदर्भाने होड्यांची जागा पक्की धरता येते. सोबत दुर्बीण आणि टोपी न्या. पोरांना शिकवायचं मनात असेल तर आधी पोहायला घाला. पंधरा वर्षांपर्यंत ऑप्टिमिस्ट ही एकट्याने चालवायची, २.३ मीटर लांबीची होडी असते. त्यानंतर लेझर, जिला आता आयएलसीए म्हणतात.

निकालाचा कागद उलटा वाचायचा. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकतो. ठरलेल्या शर्यती झाल्या की सगळ्यात वाईट निकाल वगळतात. भोपाळच्या मोठ्या तलावावर तयार झालेल्या नेहा ठाकूरचं हांगझोऊ आशियाई स्पर्धेतलं, २०२३चं, गणित पोरांना मांडायला लावा. ११ शर्यती, एकूण ३२ गुण, सगळ्यात वाईट शर्यतीचे ५ वजा, राहिले २७, आणि आयएलसीए ४ प्रकारात रौप्य.