पद्मिनीच्या सीटचं रेक्झीन शोधताना

प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटार पुन्हा मूळ रूपात आणायची, तर तिच्या इंजिनाला हात लावणारा मेकॅनिक अजून मिळतो. आतलं जुन्या धाटणीचं रेक्झीन, दरवाजांची पॅड, छताचं कापड यांच्यासाठी मात्र वणवण करावी लागते. म्हणून जुनं काहीही फेकू नका. फाटकं-कुजकं सगळं अलगद उतरवून घ्या आणि प्रत्येक तुकड्यामागे मार्करनं ‘पुढचा डावा दरवाजा’ असं लिहून ठेवा. कारागीर त्यावरूनच बेततो.

रंग सीटच्या वरच्या बाजूवरून ठरवू नका, तो उन्हानं उडालेला असतो. सीट उलटी करा आणि रेक्झीन जिथे दुमडून फ्रेमला अडकवलंय ती घडी उलगडा. माझ्या गाडीच्या राखाडी सीटची घडी उलगडली तर आत चांगला गडद हिरवा रंग! तिथली दोन बोटं रुंद पट्टी कापून खिशात ठेवा. दुकानात ती ट्यूबलाइटखाली लावून बघू नका, ठाण उजेडात बाहेर आणायला सांगा. रंगाइतकाच दाणा, म्हणजे रेक्झीनवरची खरखरीत नक्षी, महत्त्वाचा. मग रेक्झीनच्या पाठीला चिकटवलेलं कापड ताणून बघा. जुन्यासारखं घट्ट विणीचं हवं. फार ताणलं जाणारं असेल तर सरळ शिवणीच्या पट्ट्या वाकड्या दिसतात.

पुण्यात आधी नाना पेठेतले सीटवाले गाठा आणि ‘माळ्यावर जुनं ठाण पडलंय का?’ असं स्पष्ट विचारा. समोर टांगलेला माल नवाच असतो. बुधवारी-रविवारी जुना बाजार. मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचे भंगारवाले. पद्मिनी बनायचीही कुर्ल्यातच. तिथे काचेची हँडलं, क्लिपा, चकचकीत पट्ट्या शोधा. भंगारातल्या पद्मिनी टॅक्सीची हँडलं खुशाल घ्या, पण तिची सीट नमुना म्हणून धरू नका. काळी-पिवळीवाले आतली सजावट आपल्या हौसेनं बदलून घ्यायचे.

दरवाजाच्या पॅडचा हार्डबोर्ड पावसाच्या पाण्यानं फुगतो. नवा कापताना जुन्यावर ठेवून भोकं आखा आणि मागे प्लास्टिकचा कागद लावायला विसरू नका. छताच्या कापडातल्या तारांच्या कमानींना काढतानाच पुढून मागे क्रमांक द्या, नाहीतर बसवताना गोंधळ होतो.

रेक्झीनचा पन्हा बहुधा 54 इंचांचा असतो. त्यावरून हिशोब करा आणि वर एक मीटर जास्त घ्या, तेही त्याच ठाणातून. पुढच्या ठाणाची छटा जुळेलच असं नाही.